गावच्या झाडाला धनी कोण?

वैशाखातल्या दुपारी नांदेडला गोदावरीच्या पुलावर उभे राहून सभोवार पाहावे. हिरवा रंग दोनच ठिकाणी ठळक दिसतो. एक खाली, नदीच्या संथ पाण्यावर, जलपर्णीचा. दुसरा काठाने, नाल्यांच्या कडेने, रेल्वेच्या रुळांलगत आणि पडीक जागांवर, वेड्या बाभळीचा. मृगाच्या सरी पडल्या की तिसरा येतो, गाजर गवताचा. आणि मग शाळेचे मैदान, कचेरीचे आवार, स्मशानभूमीची वाट, कोठेही पाऊल टाकायला जागा उरत नाही. या तिन्ही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातल्या. आपल्या आजोबांच्या आजोबांनी यांपैकी एकही पाहिली नसावी. आज मात्र आपल्या गावाचा हिरवा रंग म्हणजे बव्हंशी त्यांचा रंग होऊन बसला आहे.

त्या कशा आल्या ही हकिकत आम्ही सांगणारच आहोत. पण इतिहासाच्या दृष्टीने आम्हांला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यांना येथे जागा कशी मिळाली? कारण पाहुणा दारात आला म्हणून घराचा मालक होत नाही. घरात धनी नसेल तरच तो मालक होतो.

‘परदेशी झाडे वाईट आणि देशी झाडे चांगली’ असे सोपे सूत्र आजकाल पुष्कळ ऐकू येते. ते आम्हांला मान्य नाही. मराठवाड्यातील कोणत्याही जुन्या गावाच्या वेशीजवळ जे झाड हमखास सापडते ते चिंचेचे. आणि वनस्पतिशास्त्रज्ञ तर सांगतात की चिंच मूळची आफ्रिकेतली. अरबांनी तिला ‘तमर-ए-हिंद’, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, असे नाव दिले, इतकी ती फार पूर्वीच आपली झाली होती. लातूरच्या बाजारात चिंच आणि चिंचोका यांचा व्यापार आजही चालतो. वैशाखात फुलणारा गुलमोहर मादागास्करचा. त्याची मुळे उथळ असतात, तो वादळात लवकर पडतो, हा त्याचा दोष खरा. पण लावला तेथून तो उठून शेजाऱ्याच्या शेतात गेला अशी तक्रार कोणी केलेली नाही. तेव्हा झाड कोठून आले हा मुद्दा नव्हे. ते लावल्या जागी राहते का, आणि त्याच्याकडे पाहणारे कोणी आहे का, हा मुद्दा आहे.

पूर्वी पाहणारे होते. वडाला आणि पिंपळाला पार बांधलेला असे. पिंपळाची मुंज लावण्याची रीत होती, आणि त्याच पिंपळावर मुंजा राहतो अशी समजूतही होती. मुंजाच्या भीतीने जितकी झाडे कुऱ्हाडीपासून वाचली तितकी सरकारी फर्मानाने वाचली असतील काय, याची आम्हांला शंकाच आहे. आमराईला मालक असे, चिंचेच्या फळाला हक्कदार असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभी, आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी जो मजकूर आहे, त्यातही रयतेच्या आंब्या-फणसाला बळजोरीने हात लावू नये, अगदीच जीर्ण झाड असेल तर धन्याची समजूत घालून, त्याला किंमत देऊन मगच ते न्यावे, असा आशय आहे. झाडाला धनी असतो, हे राज्यकर्त्याने गृहीत धरले होते. जुन्या व्यवस्थेचे कौतुक करताना एक गोष्ट विसरता कामा नये. गावच्या त्या पारावर गावातल्या सर्वांना बसता येत होते असे नाही. सावली सार्वजनिक होती. बसण्याचा हक्क नव्हता.

आता आपल्या भागातल्या एका झाडाकडे वळू. त्याची कथा आपल्या स्वातंत्र्यलढ्याशी जोडलेली आहे, आणि त्या लढ्याच्या इतिहासात झाडाच्या बाजूने ती क्वचितच सांगितली जाते. हे झाड म्हणजे शिंदी.

शिंदी हे नाल्याकाठचे, ओलीचे झाड. तिच्या पानांची केरसुणी होते. दिवाळीत लक्ष्मी म्हणून आपण जिची पूजा करतो ती केरसुणी पिढ्यान् पिढ्या मातंग समाजाच्या हातांनी वळली. तिच्या झुलत्या पात्यांना सुगरणीचे खोपे लटकतात. पण निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिंदीची ओळख या कशासाठीही नव्हती. ती अबकारी खात्याची दुभती गाय होती. अबकारी हे संस्थानच्या उत्पन्नातले एक मोठे कलम. शिंदी काढण्याचा हक्क सरकारचा, आणि तो गुत्तेदाराला दिलेला. झाड आपल्या बांधावर असले तरी त्याच्या रसावर आपली सत्ता नाही. पैसा जायचा सरकारच्या तिजोरीत, गुत्तेदार गबर व्हायचा, आणि गावातल्या गरिबाच्या घरातली भाकरी मात्र कमी व्हायची. झाड गावात, धनी हैदराबादेत.

१९४७ साली स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने निर्णायक लढा पुकारला. ७ ऑगस्टला भारतात सामील होण्याची मागणी करणारा दिन पाळला गेला. स्वामीजी तुरुंगात गेले, आणि गावोगाव जे कार्यक्रम हाती घेतले गेले त्यांत लेव्हीला विरोध होता, जंगल सत्याग्रह होता आणि शिंदीची झाडे तोडणे हेही होते. हिशेब सरळ होता. राज्याचे उत्पन्न ज्या झाडातून येते ते झाडच उभे ठेवायचे नाही. शिवाय दारूबंदी हा गांधीजींच्या शिकवणीचा भाग. त्यामुळे हा घाव एकाच वेळी निजामावर आणि व्यसनावर पडत होता. नांदेड, परभणी, उस्मानाबाद, बीड या जिल्ह्यांत कार्यकर्ते कुऱ्हाडी घेऊन नाल्याकाठी उतरले. पोलिसांच्या आणि पुढे रझाकारांच्या धाकात हे काम करणे म्हणजे जिवावरचा खेळ होता. त्या लोकांच्या धैर्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे, आणि तेव्हाच्या परिस्थितीत दुसरे काय करायला हवे होते हे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही.

तरीही इतिहास लिहिणाऱ्याने एक नोंद केली पाहिजे. ते झाड जुलमी म्हणून तुटले नाही. त्याचा धनी जुलमी होता म्हणून ते तुटले. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले. पण तुटलेल्या शिंदीच्या जागी नाल्याकाठी काय लावायचे, हा विचार मुक्तीच्या धामधुमीत कोणाला सुचणार? सरकार बदलले, १९५६ मध्ये राज्य बदलले, १९६० मध्ये पुन्हा बदलले. नाल्याचा काठ तेवढा बिनधन्याचा राहिला. आज अशा काठांनी हिंडावे आणि जुन्या माणसांना विचारावे. शिंदी कोठे होती ते ते बोटाने दाखवतात, आणि बोट ज्या ठिकाणी रोखलेले असते तेथे बहुधा वेडी बाभूळ उभी असते. शिंदी तुटली म्हणूनच वेडी बाभूळ आली असे आम्ही म्हणत नाही. जागा मोकळी होती आणि राखणारा नव्हता, एवढेच म्हणतो.

वेड्या बाभळीचे कुळ शोधायचे तर जमैका बेटापर्यंत जावे लागते. मद्रास इलाख्यातील वनाधिकारी बेडम यांनी १८७६ मध्ये या झाडाचे बी मागवावे अशी विनंती सरकारला केली. कोरड्या मुलखात इंधनाची टंचाई होती, आणि कमी पाण्यावर झपाट्याने वाढणारे झाड त्यांना हवे होते. बी आले, आणि १८७८ मध्ये कडप्पा जिल्ह्यात कमलापुरम येथे ते रुजवले गेले. सिंधमध्येही त्याच सुमारास लागवड झाली. पुढे १९४० मध्ये जोधपूर संस्थानने या झाडाला राजवृक्षाचा मान दिला. हेतूंत कोठेही खोट नव्हती. वाळवंट अडवायचे होते, गरिबाची चूल पेटवायची होती. दोन्ही कामे या झाडाने केली. फक्त थांबायचे केव्हा ते त्याला कोणी सांगितले नाही.

त्याची वाढण्याची रीत मोठी चतुर आहे. पाला जनावरे सहसा तोंडात घेत नाहीत, म्हणून रोप वाचते. शेंगा मात्र गोड असतात, त्या शेळ्या-मेंढ्या आणि गुरे आवडीने खातात. बी पचत नाही, ते लेंडीबरोबर, शेणाबरोबर पुढच्या शिवारात जाऊन पडते, आणि खतासह पडते. वरून तोडावे तर बुंध्यातून चार फुटवे येतात. आपली गावठी बाभूळ, विशेषतः मराठवाड्याच्या बांधावर सरळ उभी वाढणारी रामकाठी, कुणब्याच्या औताला लाकूड देते, शेळीला शेंग देते आणि खाली ज्वारीही उगवू देते. वेड्या बाभळीच्या जाळीत दुसरे काही उगवणे कठीण. तिला ‘वेडी’ हे नाव कोणी दिले ठाऊक नाही, पण देणाऱ्याने ती निरखून पाहिली असावी.

गाजर गवताची गोष्ट निराळी आहे. ती आपल्याला स्वतःच्या समजुती तपासायला लावते. चटक चांदणी, काँग्रेस गवत अशी त्याची इतरही नावे. हे गवत अमेरिकेच्या गव्हाबरोबर आले, ‘पी. एल. ४८०’ च्या मदतीबरोबर आले, असे आपण सर्वच लहानपणापासून ऐकत आलो. सरकार काँग्रेसचे म्हणून गवत काँग्रेसचे. पांढऱ्या टोपीसारख्या फुलांमुळे ते नाव पडले असाही एक पक्ष आहे. आता तारखा पाहा. वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांना हे झुडूप पुण्यात दिसले १९५५ मध्ये, आणि त्याची नोंद १९५६ मध्ये छापली गेली. अमेरिकेचा तो कायदा १९५४ चा खरा, पण त्याखाली भारताशी पहिला करार झाला तो ऑगस्ट १९५६ मध्ये. म्हणजे गवत आधी दिसले आणि करार नंतर झाला! अमेरिकेचा गहू त्यापूर्वी, १९५१ च्या धान्यकर्जातूनही, आपल्याकडे आला होता. तेव्हा धान्याच्या पोत्यातून बी आले असणे अशक्य नाही. पण डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेच्या संग्रहात या वनस्पतीचा १८८० चा नमुना असल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. गवत येथे कधीचेच येऊन दबा धरून बसले होते, की पुन्हा पुन्हा आले, हा वाद तज्ज्ञांनी मिटवावा. आम्हांला दिसते ते इतकेच की ‘अमेरिकेने पाठवले’ असे एकदा म्हटले की आपल्या दारातले उपटण्याची जबाबदारी आपोआप वॉशिंग्टनवर जाते. हा मोठा सोयीचा इतिहास आहे.

ते पसरले मात्र आपल्यामुळे. एका झुडपाला हजारो बिया, बी हलके, आणि ते रुजायला हवी असते उकरलेली, उघडी पडलेली जमीन. रस्ता खोदला, प्लॉट पाडले, मुरूम टाकला, बांधकाम अर्धवट सोडले, की त्याचे बस्तान बसले. वाढत्या शहराच्या कडेला अशा जमिनीला तोटा नसतो. साठीच्या दशकातच पुण्यातील डॉक्टरांना या गवतामुळे होणारे त्वचारोग आढळू लागले होते. दम्याच्या रोग्यालाही त्याचे पराग सोसत नाहीत. कर्नाटकाने १९७५ मध्ये कायद्याने त्याला उपद्रवी ठरवले. पुढे १९८३ मध्ये मेक्सिकोतून एक पट्ट्यांचा भुंगा बंगळूरला आणून तपासला गेला आणि १९८४ पासून सोडला गेला. तो गाजर गवताची पाने खातो. मध्यंतरी तो सूर्यफुलावर दिसल्याची ओरड झाली. आपल्याकडे, लातूरकडे, तेव्हा सूर्यफुलाचा पेरा होत असल्याने शेतकऱ्याला धास्ती वाटणे साहजिक होते. पुढील अभ्यासात ती धास्ती बव्हंशी अनाठायी ठरली. भुंगा पावसाळ्यात काम करतो, उन्हाळ्यात जमिनीत निजतो. त्याच्या भरवशावर सारे सोडून आपणही निजावे असे मात्र नाही.

जलपर्णीबद्दल थोडक्यात. ॲमेझॉनच्या खोऱ्यातले हे पाणफूल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेचे म्हणून बंगालमध्ये आले. इतके माजले की १९३६ मध्ये तेथे त्याच्या निर्मूलनासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. ते वाहत्या, स्वच्छ पाण्यात फोफावत नाही. त्याला साचलेले आणि सांडपाण्याने पोसलेले पाणी हवे. नांदेडच्या नाल्यांतून गोदावरीत जे उतरते ते त्याचे अन्न आहे. वरून यंत्राने जलपर्णी काढायची आणि खालून तिला रोज जेवू घालायचे, असा हा व्यवहार आहे.

कायदे आपल्याकडे कमी नाहीत. १९५० मध्ये कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला. २०१९ मध्ये महाराष्ट्रात ३३ कोटी झाडांचा संकल्प सोडला गेला. १९६४ च्या वृक्षतोडविषयक कायद्याच्या यादीत साग, खैर, चंदन यांच्या बरोबरीने आंबा, चिंच, मोह, जांभूळ आले. वड, पिंपळ आणि लिंब मात्र आले नाहीत, कारण यादी करणाऱ्याची नजर लाकडावर आणि फळावर होती, सावलीवर नव्हती. शहरांसाठी १९७५ चा कायदा आला. त्याने नगरपालिकेला वृक्ष प्राधिकरण दिले, वृक्ष अधिकारी दिला, तोडीला परवानगी आवश्यक केली आणि दर पाच वर्षांनी गणना सांगितली. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. हे सारे चांगलेच आहे. २००८ मध्ये गुरुतागद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त नांदेडचे रस्ते रुंद झाले, ते आपण पाहिले. कोणत्याही गावात रस्ता रुंद होतो तेव्हा कडेच्या जुन्या लिंबाचे काय होते तेही आपण जाणतो. कायद्याची गरज आहे.

पण गणनेत आकडा मोजला जातो. झाडाची जात वहीत लिहिलेली असली तरी सभेत बेरीज वाचली जाते. त्या बेरजेत शंभर वर्षांचा वडही एक, आणि आपोआप उगवलेला सुबाभळीचा सोटही एकच. शिवाय गाजर गवत हे झाडच नसल्याने ते वृक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर येत नाही; आरोग्य खाते म्हणते हे बागेचे काम, बाग म्हणते स्वच्छतेचे, आणि स्वच्छता म्हणते मालकाला नोटीस द्या. मालक परगावी असतो.

‘मग उपटा एकदा सगळे’ हा उपायही सरळ नाही. तमिळनाडूत २०१७ मध्ये उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठाच्या आदेशावरून वेडी बाभूळ काढण्याची मोठी मोहीम निघाली. काही महिन्यांतच त्या न्यायालयाने मोहीम थांबवून तज्ज्ञांचे मत मागवले. कारण प्रश्न केवळ झाडाचा नव्हता. आपल्याकडेही पाहावे. लातूर जिल्ह्यात जंगल शेकडा एकही नाही. सिलिंडर महागले की वस्तीवरच्या बाया सकाळी कोयता घेऊन ज्या काठाकडे जातात, तेथे त्यांना अडवणारा कोणी नसतो; कारण वेड्या बाभळीला धनी नाही. तीच तिची एकमेव उदारता. तिच्या काट्यांनी हात रक्तबंबाळ होतात, पण मोळी फुकट मिळते. शिंदी तोडली गेली तेव्हा केरसुणी वळणाऱ्याला कोणी विचारले नव्हते. वेडी बाभूळ काढताना मोळीवालीला विचारणार आहोत काय?

आमचे म्हणणे म्हणून असे आहे की हे काम नदीच्या किंवा नाल्याच्या एकेका तुकड्याने करावे, आणि प्रत्येक तुकड्याला आधी नाव लावावे. गल्लीचे, शाळेचे, तालमीचे, गुरुद्वाऱ्याचे, मशिदीचे, कोणाचेही. गाजर गवत श्रावणात, फूल येण्यापूर्वी, हातमोजे घालून मुळासकट उपटावे लागते. फुलावर आल्यावर काढलेले गवत म्हणजे केलेली पेरणीच. वेडी बाभूळ कापून भागत नाही, बुंधा जमिनीखाली खोदून काढावा लागतो, तोही शेंगा पिकण्याच्या आधी. निघालेले सरपण त्याच वस्तीतल्या चुलींना वाटून द्यावे, त्याचा लिलाव करू नये. आणि मोकळ्या झालेल्या जागी त्याच पावसात करंज, लिंब, गावठी बाभूळ लावावी; ओल असेल तेथे शिंदीही लावावी. तिच्यावर आता कोणाचा गुत्ता नाही. या रोपांना निदान तीन उन्हाळे पाणी घालावे लागते, आणि नांदेडचा उन्हाळा कसा असतो ते श्रोत्यांना आम्ही सांगायला नको. पाण्याचा टँकर कोण देणार, घागर कोण उचलणार, शेळ्या कोण हाकणार, ही तीन नावे खड्डे खणण्यापूर्वी फळ्यावर लिहिली गेली पाहिजेत.